वापराची मोजदाद आणि विद्वत्तेची पारख



२०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानातल्या सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या शंभर शोधनिबंधांची यादी छापली. त्यासाठी ‘वेब ऑफ सायन्स’ या सूचीतल्या सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदी चाळल्या होत्या. यादीत शेवटच्या पायरीवर उभं राहायलाही १२ हजारांच्या वर सायटेशन, म्हणजे इतर निबंधांतले उल्लेख, लागत होती. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध या शंभरांत नव्हता. पहिला क्रमांक होता ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१च्या निबंधाचा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची एक रीत त्यात सांगितली आहे, आणि त्याची सायटेशन ३ लाखांहून जास्त भरली. हा निबंध काही थोर वगैरे नाही, अशी कबुली खुद्द लाउरींनीच देऊन ठेवली होती. दहावा, बारावा आणि चौदावा हे तिन्ही क्रमांक बायोइन्फर्मॅटिक्सने पटकावले होते. दहावं क्लस्टल डब्ल्यू, बारावं १९९०चं ब्लास्ट, चौदावं त्याच ब्लास्टची १९९७ची सुधारलेली आवृत्ती. जनुकांचे आणि प्रथिनांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहणारी ही संगणकी साधनं. विसाव्या जागी सजीवांचा वंशवृक्ष काढण्याची ‘नेबर जॉइनिंग’ ही रीत होती.

वॉटसन-क्रिकचा शोध इतका मुरला आहे की त्याचा निराळा उल्लेख करायची कुणाला गरजच वाटत नाही, असं यावर म्हटलं जातं. ते खरंच आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमकं हेरलं होतं: एखादी कल्पना सर्वमान्य झाली की तिच्या जनकाचं नाव पुसलं जातं. पण मग ब्लास्टही तितकंच मुरलेलं आहे. जीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ‘ब्लास्ट करून बघ’ हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येतं. तरी त्याचं नाव पुसलं गेलं नाही, उलट आकडा फुगतच गेला. हा फरक कशामुळे पडतो, इथून सुरुवात करतो. बायोइन्फर्मॅटिक्समध्ये सायटेशनचा आकडा वापराची मोजदाद करतो, आणि तीही सगळ्यात वरच्या थराच्या वापराची. आपली निवड मंडळं, पदोन्नती समित्या आणि वर्तमानपत्रं तो विद्वत्तेची पारख म्हणून वाचतात. माझा आक्षेप या वाचनाला आहे.

सायटेशनचा निर्देशांक ज्यांनी घडवला त्यांचा हेतूही वेगळा होता. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ साली पहिला सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. त्यांच्यापुढे नमुना होता अमेरिकन वकिलांच्या एका जुन्या सूचीचा. एखाद्या निवाड्याचा आधार पुढच्या कोणत्या निवाड्यांनी घेतला आणि कोणी तो फिरवला, हे ती सूची सांगत असे. निवाडा किती वेळा आला यापेक्षा तो अजून टिकून आहे की मोडीत निघाला, हे वकिलाला हवं असतं. गारफिल्डनाही आधी शोधायचं साधन हवं होतं. एखादा दावा पुढे कुठे गेला, त्याला कुणी खोडलं, याचा माग काढता यावा म्हणून. माग काढायच्या साधनाची मोजपट्टी झाली ती पुढे. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला आणि माणसाची सारी कारकीर्द एका पूर्णांकात बसवायची सोय झाली.

आता हे आकडे कुठून येतात ते जवळून पाहू. क्रमांची तुलना करणारा जीवशास्त्रातला निबंध उघडा आणि पद्धतींचा भाग काढा. तिथे अशी एक ओळ अनेकदा सापडते: क्रमांची जुळणी क्लस्टल डब्ल्यूने केली, मापदंड मूळचेच ठेवले. पुढे चौकटी कंसात एक आकडा. तो आकडा म्हणजे एक सायटेशन. ती ओळ लिहिणाऱ्याने मूळ निबंध वाचला असेलच असं नाही; बहुधा प्रयोगशाळेतल्या आधीच्या निबंधातून ती ओळ कंसासकट उचललेली असते. हा नुसता संशय नाही. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी भौतिकशास्त्रातल्या १९७३च्या एका प्रसिद्ध निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांतल्या १९६ उल्लेखांत खंड, पान किंवा साल चुकलं होतं, पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर निघाल्या अवघ्या ४५. पान क्रमांकाची एक चूक तर ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती. अठ्ठ्याहत्तर माणसांची बोटं एकाच जागी घसरत नाहीत. ती नक्कल आहे. यावरून गणित करून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचत असावेत. अंदाजाच्या टक्केवारीवर वाद घालता येईल, नकलेच्या पुराव्यावर येणार नाही.

क्लस्टलची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. १९८८ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डेस हिगिन्स आणि पॉल शार्प यांनी पहिलं क्लस्टल लिहिलं, ते साध्या वैयक्तिक संगणकावर चालावं म्हणून. अनेक क्रम एकाच वेळी जुळवायला तेव्हा मोठी यंत्रं लागत आणि ती सगळ्यांच्या हाती नसत. क्लस्टलचा खरा पराक्रम हा की ज्यांच्याकडे मोठा संगणक नव्हता त्यांनाही हे काम करता येऊ लागलं. क्लस्टल डब्ल्यू ही त्याची १९९४ची आवृत्ती. तिच्यात जवळच्या नातलगांचे क्रम आधी जुळवायचे आणि मग दूरच्यांकडे जायचं, ही युक्ती आहे. ही कल्पना १९८७ साली फेंग आणि डूलिटल यांनी मांडली होती. कोण जवळचं आणि कोण दूरचं हे ठरवायला जो वंशवृक्ष लागतो, तो क्लस्टल डब्ल्यू नेबर जॉइनिंगने काढतं. ती रीत सैतोऊ आणि नेई यांची, तीही १९८७ची. म्हणजे क्लस्टल डब्ल्यू चालवणारा प्रत्येक जण या चौघांचं काम वापरतो. नाव मात्र एकाच निबंधाचं जातं. नेबर जॉइनिंग स्वतंत्रपणेही वापरात आहे म्हणून ते विसाव्या जागी तरी दिसलं. फेंग आणि डूलिटल त्या शंभरांत नाहीत.

ब्लास्टच्या पोटात शिरलं की हे आणखी स्पष्ट होतं. दोन प्रथिनांचे क्रम ताडताना एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं तर त्याला किती गुण द्यायचे, याचं एक कोष्टक लागतं. ल्युसीनच्या जागी आयसोल्युसीन आलं तर फारसं बिघडत नाही, ट्रिप्टोफॅनच्या जागी ग्लायसीन आलं तर बरंच बिघडतं. असं कोष्टक प्रथम बनवलं मार्गारेट डेहॉफ यांनी. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या क्रमांचा पहिला ॲटलास छापला. तेव्हा जगाला ठाऊक असलेले क्रम होते ६५. अमिनो आम्लांची एकाक्षरी लिपीही त्यांचीच, आज प्रत्येक विद्यार्थी ती वापरतो आणि तिच्यापुढे कंस कुणी टाकत नाही. १९७८ साली प्रथिनांच्या ७१ कुळांतले १,५७२ बदल मोजून त्यांनी कोष्टक सिद्ध केलं. पुढे १९९२ साली स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ या दांपत्याने नवं कोष्टक काढलं, त्याचं नाव ब्लोसम ६२. प्रथिनांच्या ब्लास्टमध्ये आपण काही निवडलं नाही तर हेच लागू होतं, आणि बहुतेक जण काही निवडत नाहीत. भाकरीची वाहवा होते, जात्याला टाकी लावणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

या कोष्टकाची पुढची हकीकत माझ्या मुद्द्यासाठी फार मोलाची आहे. २००८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एका गटाने दाखवून दिलं की ब्लोसम ६२ ज्या प्रोग्रॅमने काढलं त्याच्या संहितेत चूक होती, त्यामुळे कोष्टकातले काही आकडे निबंधात सांगितलेल्या रीतीने येतात तसे नाहीत. सोळा वर्षं जगभर हे कोष्टक रोज चाललं, आणि इतक्या वापरात कुणालाही पत्ता लागला नाही. मौज पुढेच आहे. चूक दुरुस्त करून नवं कोष्टक चालवून पाहिलं तर ते शोधकामात जुन्यापेक्षा किंचित कमी पडलं! तेव्हा चुकीचंच कोष्टक आजही चालू आहे, आणि ते योग्यच आहे. सोळा वर्षांच्या या वापराने एवढंच सिद्ध केलं की कोष्टक चालतं. ते का चालतं आणि मांडलेल्या सिद्धांताला धरून चालतं का, हे कुणीतरी संहिता उघडून बसल्यावरच कळलं.

इथवरची उदाहरणं परदेशातली झाली. आता पुण्याकडे येऊ, कारण पुण्याला या विषयाचा वारसा आहे. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८०च्या दशकात देशभर जैवमाहितीची केंद्रं उभारली, त्यांतलं एक पुणे विद्यापीठात. तिथले अशोक कोळसकर, जे पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि पी. सी. टोणगावकर यांनी १९९० साली ‘फेब्स लेटर्स’मध्ये एक निबंध छापला. अवघी तीन पानं. प्रश्न असा होता: प्रथिनाच्या लांबलचक क्रमात प्रतिपिंड नेमकं कोणत्या तुकड्याला चिकटेल, हे प्रयोगाआधी सांगता येईल का? त्यांनी ३४ प्रथिनांतले प्रयोगाने सिद्ध झालेले १५६ तुकडे घेतले, त्यांत कोणतं अमिनो आम्ल किती वेळा येतं ते मोजलं, आणि प्रत्येकाला एक कल-गुण दिला. मग सात-सात अमिनो आम्लांची खिडकी क्रमावरून सरकवत न्यायची, सातांची सरासरी मधल्याच्या नावावर मांडायची, आणि सरासरीच्या वर सलग राहणारे तुकडे निवडायचे. सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन पृष्ठभागावर आली तर अशा तुकड्यात असण्याची शक्यता जास्त, हा त्यातला लक्षवेधी निष्कर्ष. अचूकता सुमारे ७५ टक्के सांगितली होती. कागद-पेन्सिलीने करता येईल इतकी सोपी रीत.

ही रीत पुढे एम्बॉस या मोफत प्रोग्रॅमसंचात गेली, अमेरिकेतल्या आयईडीबी या एपिटोपांच्या, म्हणजे प्रतिपिंड चिकटतं अशा तुकड्यांच्या, विदागारातही तिला जागा मिळाली. तिथे क्रम चिकटवायचा, यादीतून ‘कोळसकर-टोणगावकर’ निवडायचं आणि कळ दाबायची. मग ब्राझीलपासून इराणपर्यंत लशींवर काम करणाऱ्यांच्या पद्धतींच्या भागात ही दोन मराठी आडनावं रुजली. कोविडच्या काळात विषाणूच्या काटेरी प्रथिनावर संगणकातून लशीचे आराखडे काढणारे निबंध धडाधड आले, त्यांतल्या अनेकांत ही नावं आहेत. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तो वाटून घ्यायला माझी हरकत नाही.

पण सूक्ष्म वाचकाने इथे थांबू नये. २००५ साली ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अमिनो आम्लांच्या कल-गुणांच्या ४८४ मोजपट्ट्या घेतल्या आणि ५० प्रथिनांवर पारखल्या. सर्वोत्तम पट्टीसुद्धा छापा-काटा करण्यापेक्षा थोडीशीच सरस ठरली. कारण समजण्यासारखं आहे. प्रतिपिंड ज्या जागा ओळखतं त्यांतल्या बहुसंख्य जागा सलग नसतात. क्रमात दूर असलेली अमिनो आम्लं प्रथिनाच्या घडीमुळे शेजारी येतात आणि त्यांची मिळून एक जागा तयार होते. सरकत्या खिडकीला ती दिसणं शक्य नाही. यात १९९०च्या निबंधाचा कमीपणा काही नाही. त्या काळी हाताशी असलेल्या तुटपुंज्या माहितीतून त्या दोघांनी स्वच्छ, तपासता येईल असं काम केलं. प्रश्न २००५नंतरच्या सायटेशनचा आहे. ती वाढत राहिली ती साधन संकेतस्थळावर एका कळीवर मिळतं म्हणून. निबंधाचं मोल १९९०मध्ये जेवढं होतं तेवढंच आहे, आणि आकडा मात्र दरवर्षी नवा होतो. केवळ आकडा बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. पुण्यातल्या त्या तीन पानांचं खरं कौतुकही त्याला करता येणार नाही, कारण कौतुक कशाचं करायचं हेच त्याला कळलेलं नसतं.

व्यक्तीचं सोडा, एका साधनापायी अख्खं नियतकालिक कसं फुगतं याचंही उदाहरण आहे. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या उल्लेखांची सरासरी, दोनच्या आसपास असे. २००८ साली तिथे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेलेक्स या आपल्या प्रोग्रॅमचा इतिहास लिहिला आणि प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी या लेखाचा उल्लेख करावा असं सुचवलं. २००९चा इम्पॅक्ट फॅक्टर जवळपास ५० झाला. त्या वर्षी त्याच अंकांत छापलेल्या बाकीच्या लेखकांची विद्वत्ता रातोरात पंचवीसपट झाली, असं कुणी म्हणणार नाही. मात्र बायोडाटात तो आकडा लिहायला कुणी लाजलंही नसेल.

या सगळ्यावर सर्वात वजनदार आक्षेप आपल्याच मातीतला आहे. आकडे काढून टाकले तर राहील काय? वशिला. निवड मंडळात कोण बसलंय, उमेदवार कुणाचा विद्यार्थी, कुणाच्या गटातला, यावर नेमणुका होतात हे उघड गुपित आहे. आकडा निदान कुणाचा भाचा नसतो! हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहान गावच्या महाविद्यालयातून आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलीला आकडा हाच एक साक्षीदार असू शकतो. परंतु अनुभव काय सांगतो ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत नेमणूक-पदोन्नतीला गुणांक जोडले. त्यापाठोपाठ पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्य यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या, इतर कुठल्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. मग मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चाले. २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केली. त्या हलक्या नियतकालिकांची शिफारस कुणी केली होती? विद्यापीठांनीच. वशिला संपला नाही, त्याने आकड्यांचं दार शोधून काढलं.

आणि हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. २०१९ साली ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या आघाडीच्या नियतकालिकाच्या संपादकांनी एका परीक्षकावर बंदी घातली, त्याचं नाव न छापता. हे गृहस्थ परीक्षणासाठी आलेल्या प्रत्येक निबंधाच्या लेखकांना सरासरी ३५ निबंधांचे उल्लेख वाढवायला सांगत, आणि त्यांतले सुमारे ९० टक्के निबंध त्यांचे स्वतःचे असत. लेखक बिचारा काय करणार, निबंध अडकलेला असतो. तो उल्लेख घालून मोकळा होतो. सूचीत ते उल्लेख निखळ म्हणूनच जमा होतात. आकडा निःपक्षपाती असतो हे मान्य, पण तो आतल्या बाजूने कुणी भरला याबद्दल तो तितक्याच निःपक्षपातीपणे मुका राहतो. दरवर्षी ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी आली की जिल्हा आवृत्तीत फोटो झळकतात. ती यादी करणाऱ्यांनी स्वतःचे स्वतःला केलेले उल्लेख वगळूनही वेगळा क्रम दिलेला असतो. बातमीत तो रकाना क्वचितच येतो.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. वापर हाच गुण नाही का? लाखो लोकांच्या हाती उपयोगी साधन देणाऱ्याला तत्त्वचिंतकापेक्षा कमी का लेखायचं? कमी लेखूच नये. क्लस्टल आणि ब्लास्ट यांनी जीवशास्त्राला जेवढं पुढे नेलं तेवढं फार थोड्या सिद्धांतांनी नेलं असेल. माझं म्हणणं असं की वापर मोजायचाच असेल तर नीट, तळापर्यंत मोजा. उदाहरण पाहा. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत प्रथिनाची घडी सांगणाऱ्या अल्फाफोल्डचे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर आहेत. त्यांच्या २०२१च्या निबंधात प्रथिनाची घडी सांगण्याआधी त्याच्या नातलग प्रथिनांचे क्रम शोधून जुळवले जातात. ते काम जॅकहम्मर आणि एचएचब्लिट्स ही साधनं करतात, शॉन एडी आणि योहानेस झ्योडिंग यांच्या गटांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली. शिकण्यासाठी लागणारी उदाहरणं आली १९७१पासून चालत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेतून, तिथे हजारो प्रयोगशाळांनी आपल्या रचना विनामूल्य ठेवल्या आहेत. यांतल्या काही कामांचा उल्लेख निबंधात आहे, पण अल्फाफोल्ड वापरून पुढे निबंध लिहिणारा फक्त अल्फाफोल्डचं नाव घेईल. नवी आवृत्ती काढणं, नव्या संगणकावर प्रोग्रॅम चालता ठेवणं, रात्री-बेरात्री वापरकर्त्यांच्या तक्रारींना उत्तरं देणं, हे काम कोणत्याही निबंधात बसत नाही. तेव्हा वापराला मान द्यायचा असेल तर सायटेशनचा आकडा त्यासाठीही अपुरा पडतो.

शेवटी व्यवहाराचा प्रश्न. निवड मंडळाला एका दिवसात तीस उमेदवार बघायचे असतात, वाचायला वेळ कुठून आणायचा? सॅन फ्रान्सिस्कोत २०१२मध्ये घडलेला डोरा जाहीरनामा आणि २०१५चा लायडन जाहीरनामा यांनी नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस जोखू नका असं बजावलं आहे. हजारो संस्थांनी डोरावर सह्या केल्या, आणि वेळ नाही ही सबबही तशीच चालू आहे. पण उमेदवाराचे सगळे निबंध वाचायची गरजच नाही. त्याला स्वतःचे तीन निबंध निवडायला सांगावं. मंडळाने त्या प्रत्येकाचे कोणतेही वीस उल्लेख सूचीतून काढावेत आणि ती वीस वाक्यं वाचावीत. पद्धतींच्या भागातली एकसारखी वाक्यं किती, चर्चेच्या भागात त्या निबंधाशी वाद घालणारी किती, दुरुस्ती करणारी किती, हे वाचताच कळतं. विभागातल्या कुणी कनिष्ठ सहकाऱ्याने आधी ही वाक्यं काढून ठेवली तर मंडळाचा वेळ आणखी वाचतो. साधन बनवणाऱ्या उमेदवाराला वर एक प्रश्न विचारावा: हे साधन आज कोण चालवतं, आणि त्यात शेवटचा बदल केव्हा झाला? संहिता खुली असेल तर तिथे प्रत्येक बदलाची तारीख आणि करणाऱ्याचं नाव नोंदलेलं असतं, ते पाच मिनिटांत पाहता येतं. अर्जाच्या प्रचलित नमुन्यात यासाठी रकाना नाही. तो घालायला आयोगाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही. विभागप्रमुखाने उद्या मनात आणलं तर पुरवणी कागदावर तो मागवता येतो.